मडकं कुणी फोडलं?

मथुताईंचा आवाज मला आधी भेटला, मथुताई नंतर.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी पेणहून पॅसेंजरने निडीला उतरले आणि शेतांच्या बांधांवरून विचारत विचारत शाळा गाठली. शाळा म्हणजे एक लांबट खोली, मधोमध प्लायवुडचा आडोसा. अलीकडे माझे वर्ग, पलीकडे अंगणवाडी. मी हजेरी घ्यायला सुरुवात केली तर मुलं 'हजर' म्हणत होती, पण माझ्याकडे एकही बघत नव्हतं. सगळ्यांचे कान त्या आडोशाला. तेवढ्यात पलीकडून एक जाडसर, घोगरा बायकी आवाज आला, "सांगू काय?"

"सांग!" वीस-पंचवीस चिमण्या एकदम ओरडाव्यात तसा गलका झाला आणि लगेच सगळं चिडीचूप.

मग ती बाई गोष्ट सांगू लागली. एका चिंबोरीची, खेकडीची, होती ती. चिंबोरीला नांग्या होत्या म्हणून तिला वाटायचं की जे दिसेल ते धरावं. माझ्या चौथीतल्या मिसरूड फुटायच्या बेतात आलेल्या दांडग्यांनीसुद्धा पाटीवरचं गणित अर्धवट सोडलं. दटावायला म्हणून मी पट्टी उचलली आणि तशीच धरून उभी राहिले, कारण चिंबोरीनं आता बगळ्याची मासळी धरली होती आणि बगळा काय करतो ते मलाही ऐकायचं होतं.

मधल्या सुट्टीत पाहिल्या मथुताई. उंच, हाडापेराने मोठ्या, पाठीत किंचित वाकलेल्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला. खिचडीचा टोप उतरवत होत्या आणि एका रडक्या पोराशी उकिडव्या बसून बोलत होत्या. त्या मुलांशी कधीच उभ्यानं बोलत नसत. पुढे गुडघे दुखायला लागले तरी बसत आणि उठताना भिंतीला धरत. मी एकदा म्हटलं, "अहो, कशाला एवढं?" तर म्हणाल्या, "उभ्यानं बोललं का त्यांना आपली गुडघीच दिसतात, बाई. गुडघ्याचं कोण ऐकतंय?"

लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच त्यांचा नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. त्याच सुमारास भावाची बायको बाळंतपणात गेली. तिचं पोर, हरेश, मथुताईंनी वाढवलं. स्वतःचं मूल नव्हतं. भाऊ, नामादादा, शेती बघायचे. गावात अंगणवाडी आली तेव्हा सातवी शिकलेली बाई म्हणून मथुताईंना बोलावलं, आणि त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक पोराच्या तोंडी त्या 'बाय' झाल्या. त्याही प्रत्येक पोरीला लाडानं 'बाय'च म्हणायच्या.

गोष्टीआधीच्या त्या 'सांगू काय?'ला मी बरेच दिवस नुसती लकब समजत होते. मग एक दिवस पलीकडून 'सांग' असा गलका झाला आणि त्यातच एक खणखणीत आवाज, "नको!" तो दिलीप नावाचा एक हट्टी मुलगा होता. सकाळी घरून मार खाऊन आला होता. मला वाटलं, मथुताई त्याला चुचकारतील आणि पुढे जातील. पण आडोशापलीकडे शांतताच. थोड्या वेळानं मी डोकावून बघितलं. मथुताई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाकीची मुलं हिरमुसली होती, दोघी मुळूमुळू रडत होत्या. मी खुणेनंच विचारलं, काय झालं?

"दिलीप नको म्हणाला ना," त्या साधेपणानं म्हणाल्या. "इचारलं तर आयकायला पायजे. नायतर इचारायचं कशाला?"

त्या दिवशी गोष्ट झालीच नाही. दुसऱ्या दिवशी 'सांग' म्हणणाऱ्यांत दिलीपचा आवाज सगळ्यात मोठा होता. पुढे महिन्याभरात गावातली पोरं एकमेकांना 'घेऊ काय?', 'बसू काय?' विचारायला लागली. एका आजोबांनी तर माझ्याकडे तक्रार केली. नातू त्यांच्या ताटातली सुकट उचलण्याआधी 'घेऊ काय?' विचारतो, आणि विचारल्यावर नाही म्हणवत नाही!

दुसरी गोष्ट मिश्रीची. त्या भागातल्या बहुतेक बायकांसारखी मथुताईंनाही मिश्री लागायची. सकाळ-दुपार दातांना लावून चूळ भरली की त्यांचं डोकं चालायचं. एकदा त्यांनी मुलांना दातांची गोष्ट सांगितली. एका वासराचे दात सगळ्या गोठ्यात पांढरे असतात, अशी काहीतरी. गोष्ट संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "बाय, मग तुझं दात काळं कशाला?"

मला आडोशाच्या अलीकडे हसू आवरेना. पलीकडून मात्र मथुताई म्हणाल्या, "चुकलंच माझं, बाय." आणि त्या दिवसापासून मिश्री बंद. पुढचे कितीतरी दिवस त्यांचं डोकं ठणकायचं, खिचडीत मीठ दोनदा पडायचं, माझ्याशीसुद्धा तुटक बोलायच्या. मी म्हटलं, "हळूहळू सोडा की. मुलांना कुठं कळतंय?" कपाळाला सुंठ लावलेल्या मथुताई म्हणाल्या, "त्यांना नाय कळलं तरी गोष्टीला कळतं ना. गोष्ट सांगायची तर आपलं तोंड आधी धुवायला लागतं."

आमचं भांडण व्हायचं ते तात्पर्यावरून. मी डी.एड. झालेली, नवी नवी. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी बोध सांगावा, तो फळ्यावर लिहावा, हे माझ्या अंगात भिनलेलं. मथुताईंच्या गोष्टी मात्र कुठेही संपायच्या. चिंबोरीनं बगळ्याला मासळी परत दिली आणि दोघं ओहोळावर पाणी प्यायला गेले. संपली गोष्ट. मी म्हणायचे, "निदान शेवटी एक वाक्य सांगा हो, विचारल्याशिवाय दुसऱ्याची वस्तू घेऊ नये म्हणून." त्या मान हलवायच्या. "बोध सांगितला का पोरं गोष्ट तिथंच ठेवून घरी जातात. नाय सांगितला तर घरी घेऊन जातात."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आजही पटलंय की नाही, सांगता येत नाही.

त्यांच्या सगळ्या गोष्टींत मुलांची लाडकी गोष्ट होती मडक्याची. एका म्हातारीच्या घरी तिचं आवडतं मडकं फुटतं. म्हातारी अंगणात येऊन विचारते, "मडकं कुणी फोडलं?" कोंबडी मान वेळावून म्हणते, "मला काय ठाऊक नाय!" मांजर मिशा पुसत म्हणते, "मला काय ठाऊक नाय!" कुत्रा, म्हैस, अगदी परसातला भोपळासुद्धा तेच म्हणतो. प्रत्येकाचा आवाज मथुताई निराळा काढायच्या आणि मुलं त्यांच्यामागून तेच म्हणायची. म्हशीच्या वेळी तर आडोसा हादरायचा. सगळ्यांचं झालं की मागून एक एवढंसं करडू पुढं येतं. त्याला अजून शिंगंसुद्धा फुटलेली नसतात. ते म्हातारीकडे बघतं आणि विचारतं, "सांगू काय?" म्हातारी म्हणते, "सांग." मग करडू म्हणतं, "मी फोडलं! उडी मारली आन् फुटलं!" म्हातारी पोट धरून हसते, त्याला जवळ घेते आणि सगळ्यांना गूळखोबरं वाटते. म्हातारीची जागा आली की मथुताई खरोखरच चिमूट चिमूट गूळखोबरं वाटायच्या. करडू कोणी व्हायचं यावरून रोज मारामारी. म्हणून पाळ्या लावल्या होत्या.

हरेशची मुलगी रेश्मा पाच वर्षांची व्हायची होती. तीही अंगणवाडीत यायची. नात्यानं मथुताई तिच्या बापाच्या आत्या, पण तिच्याही तोंडी 'बाय'च. घरीदारी ती मथुताईंचं बोट सोडायची नाही. गोल चेहरा, तेलानं चप्प बसवलेले केस, आणि कुणी बोलू लागलं की त्याच्या ओठांकडे टक लावून बघायची सवय. करडाची पाळी आली की तिचा आवाज घाबरून आतच अडकायचा आणि मथुताई थांबून राहायच्या. कितीही वेळ. शेवटी तो बाहेर यायचा.

हरेश नागोठण्याच्या बाजूला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. अबोल, कामसू पोरगा. शिफ्ट संपवून सायकलवरून घरी येताना शाळेसमोर दिसला तर मान लववून, "बाई, गाडी चुकली काय?" एवढं विचारायचा. बायको वनिता गावातलीच. घर मातीचं, पण अंगण सारवलेलं, कडेला पेंढ्याची उंच उडवी आणि एक गाय. मी कितीदा तिथं चहा घेतला असेल.

त्या वर्षी भाताची झोडणी उरकली होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि मी स्टेशनकडे निघाले. नामादादांच्या घरासमोर जीप उभी. अंगणात माणसं जमलेली. कंपनीच्या गेटवरचे एक साहेब, एक पोलीस आणि गावचे पोलीसपाटील. मी कुंपणाशी थांबले. शेजारच्या बाईनं कानात सांगितलं, ठेकेदाराच्या शेडमधून तांब्याच्या तारेची बंडलं गेली होती. गावातल्या दोन पोरांनी धाकानं हरेशचं नाव घेतलं होतं. घराची झडती झाली, काही मिळालं नव्हतं. हरेश भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

साहेब ओरडत नव्हते. दमल्यासारखे एकेकाला विचारत होते. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मला काय ठाऊक नाय, साहेब." नामादादांना विचारलं. ते जमिनीकडे बघून म्हणाले, "मला काय ठाऊक नाय." वनितानं पदर तोंडावर घेतला आणि आतून पुटपुटली, "मला काय ठाऊक नाय."

मथुताई गोठ्याच्या बाजूला उभ्या होत्या. अंगणवाडी सुटून नुकत्याच आल्या असाव्यात. त्यांच्या बोटाला रेश्मा. माझी नजर तिच्यावर गेली. प्रत्येक उत्तराबरोबर तिचे ओठ हलत होते. म्हातारा, नामादादा, तिची आई. ती सगळ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती आणि तिचे डोळे चमकत होते.

साहेब मथुताईंकडे वळले. "बाई, तुम्ही अंगणवाडीवाल्या. तुम्ही तरी खरं सांगा."

आदल्या संध्याकाळी गाईसाठी पेंढा ओढताना मथुताईंच्या हाताला ती तार लागली होती, आणि रेश्मा तेव्हाही त्यांच्या बाजूलाच होती. हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. त्यांनी हरेशला विचारलं होतं, आणि तो त्यांच्या पायांशी बसून म्हणाला होता, "आत्या, मी नुसती ठेवून घेतलीय. सोमवारी न्यायला येतील. परत नाय करनार. पण बोलू नको."

मथुताई साहेबांना म्हणाल्या, "मला काय ठाऊक नाय."

गोष्टीतला कुठलाच आवाज नव्हता तो. नुसता कोरडा, सपाट. साहेबांनी मान हलवली, पोलिसाला खूण केली आणि जीपकडे चालू लागले. अंगणानं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

तेव्हा रेश्मानं मथुताईंचा पदर ओढला. हळूच म्हणाली, पण कुंपणाशी मला ऐकू गेलं. "बाय, आता करडाची पाळी ना?"

मथुताईंनी खाली बघितलं.

"सांगू काय?" रेश्मानं विचारलं.

वनितानं ऐकलं होतं. ती जागच्या जागी मान हलवत होती, नको, नको. हरेशनं डोळे मिटून घेतले. साहेबांचा एक पाय जीपमध्ये होता. मथुताईंनी 'गप' म्हटलं असतं, पोरीला उचलून आत नेलं असतं, नुसता हात तोंडावर ठेवला असता तरी चाललं असतं. त्या भिंतीला धरून खाली बसल्या, उकिडव्या, पोरीच्या तोंडासमोर तोंड आणून. रेश्मा वाट बघत होती.  मग त्या म्हणाल्या, "सांग."

रेश्मा वळली आणि एरवी जो कधी सहज बाहेर यायचा नाही त्या आवाजात, खणखणीत ओरडली, "उडवीखाली हाय! बाबांनी ठेवलंय!"

आणि हसून सगळ्यांकडे बघू लागली. आता कोण हसतं, कोण जवळ घेतं म्हणून. पोलीस मागे फिरला. पेंढा उपसला जाऊ लागला. कोणीच हसत नाही हे बघून तिचं हसू हळूहळू कमी झालं, पण पूर्ण जाईना. तसंच अर्धं तोंडावर राहिलं. तो चेहरा मी आजपर्यंत विसरू शकलेले नाही.

हरेशला घेऊन गेले. दोन दिवसांनी सुटून आला तेव्हा त्याला नीट चालता येत नव्हतं. ठेकेदारानं काढून टाकलं. ज्या दोन पोरांनी त्याचं नाव घेतलं होतं त्यांचंही काम गेलं. आसपास कोणी ठेकेदार हरेशला उभा करेना. गावानं सगळा राग मथुताईंवर काढला. लोक म्हणत, पोर ते पोर, तिला काय कळतं, पण ही एवढी मोठी बाई, हिनं दोन्ही बाजूंनी दगा दिला. आधी खोटं बोलली, मग पोरीच्या तोंडून बोलली. नामादादांनी त्यांची चूल वेगळी केली. निम्म्या बायकांनी मुलं पाठवायची बंद केली.

हरेश मुलीला मारत नव्हता, रागावतही नव्हता. तो तिच्याशी बोलायचाच बंद झाला होता. ती जवळ आली की उठून बाहेर जायचा. सुरुवातीला ती ज्याला त्याला विचारायची, "मी खरं सांगितलं ना?" वनिता तिला गप्प करायची. मग विचारणं थांबलं. मग एक दिवस मी तिला रस्त्यात पाहिलं आणि म्हटलं, "रेश्मा, जेवलीस का गं?" ती माझ्या ओठांकडे न बघता म्हणाली, "मला काय ठाऊक नाय."

मला वाटलं, खेळतेय. पण ती सगळ्यांनाच तेच म्हणायची. पाणी हवं का? मला काय ठाऊक नाय. झोप आली? मला काय ठाऊक नाय. कोणता फ्रॉक घालू? मला काय ठाऊक नाय. ना कोंबडीचा आवाज, ना म्हशीचा. त्या दिवशीचा मथुताईंचा आवाज. कोरडा, सपाट.

मथुताईंनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. नामादादांच्या अंगणात, सगळे घरात असताना, दाराबाहेर बसून त्या पोरीला म्हणाल्या, "रेश्मा, मी खोटं बोलले. मला ठाऊक होतं. तू खरं बोललीस. चूक बायची हाय, तुझी नाय. आयकलंस काय, बाय माझी?" एका पाच वर्षांच्या मुलीसमोर कान धरले त्यांनी. दारात वनिता रडत होती. रेश्मा उंबऱ्यावर बसून पायाचा अंगठा घासत राहिली.

मग हरेश बाहेर आला. मी तेव्हा तिथं होते, मथुताईंनीच मला सोबत नेलं होतं. तो आवाज न चढवता म्हणाला, "आत्या, मला पण तूच वाढवलंस. त्याच गोष्टी मला पण सांगितल्यास. करडू मी पण झालो होतो. मग मी कशाला घेतली ती तार? त्याची गोष्ट हाय काय तुझ्याकडं?"

मथुताईंनी त्याच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

उन्हाळ्यात हरेश बायको-मुलीला घेऊन गाव सोडून गेला. कुठं ते कोणाला सांगितलं नाही.

अंगणवाडी चालू राहिली. राग किती दिवस पुरणार? मुलं परत आली. खिचडी, वजनं, गाणी, सगळं होतं. 'सांगू काय?' मात्र नव्हतं. आडोशाच्या अलीकडे माझी मुलं आता गणितं पूर्ण करायची आणि मला ते नकोसं व्हायचं. पावसाळ्याच्या शेवटी एकदा नव्या मुलांतल्या कोणीतरी हट्ट धरला. मोठ्या भावंडांकडून ऐकलं होतं, मडक्याची सांग. बऱ्याच वेळानं मथुताईंनी सुरू केली. मडकं फुटलं. म्हातारी बाहेर आली. कोंबडीनं मान वेळावली, आणि आवाज थांबला.  शेवटी माझ्याच वर्गातल्या मुलांनी, जी कधीकाळी पलीकडे बसलेली होती, अलीकडून ती गोष्ट पुढं नेली. कोंबडी, मांजर, कुत्रा, म्हैस, भोपळा. करडापाशी आली तशी सगळी एकदम गप्प झाली. त्यांनाही ठाऊक होतं. गाव लहान असतं.

त्या दुपारी मी मथुताईंना पहिल्यांदाच विचारलं. "तुम्ही 'सांग' का म्हणालात?"

त्या टोप घासत होत्या. म्हणाल्या, "नको म्हटलं असतं तर हरेश वाचला असता. मी रोज म्हणून बघते, बाई. नको, नको, नको. सोपा हाय शब्द."

"मग?"

"ती माझ्या तोंडाकडं बघत होती ना," त्या म्हणाल्या. "आन् मी तिच्यासमोर खोटं बोलून पण झालं होतं. एका दिवसात दोनदा कसं करू?" टोप उपडा घालून पुन्हा म्हणाल्या, "पण बाई, एवढ्याशा पोरीवर मी घराचं ओझं दिलं. मला उचलवलं नाय ते तिच्या डोक्यावर दिलं. साहेबांना मीच हाक मारायला पायजे होती."

मी दुसरा टोप ओढून घासायला घेतला.

पुढं माझी बदली पेणला झाली. मथुताईही निवृत्त झाल्या. नामादादा गेल्याचं कळलं, शेवटी बहीण-भावाचं बोलणं झालं होतं की नाही ते कळलं नाही. मग आणखी काही वर्षांनी, एका डिसेंबरात सकाळीच त्या माझ्या दारात उभ्या. पार वाळून गेलेल्या, हातात काठी. चहा घेतला आणि म्हणाल्या, "डोलवीला येता काय माझ्यासोबत?" गावातल्या कोणीतरी हरेशला तिकडे पाहिलं होतं. तिथल्या लोखंडाच्या प्लँटवर ठेकेदारीत लागला होता, बिऱ्हाड जवळच्याच चाळीत. पोरगी शाळेत जाते.

"घरी जायचंय?" मी विचारलं.

"नाय, नाय. घरी नाय. त्याला आवडनार नाय." त्यांनी कप खाली ठेवला. "शाळा सुटते तेव्हा लांबून बघायचं."

त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी त्या रोह्याला दवाखान्यात वारल्या. मला आठवड्याभरानं समजलं. त्यामुळे तो डोलवीचा दिवस हीच आमची शेवटची भेट.

शाळेसमोर रस्ता. प्लँटकडे जाणारे ट्रेलर एकामागून एक, सगळीकडे लालसर-काळी धूळ. आम्ही फाटकापासून थोडं अलीकडे, एका टपरीच्या सावलीत उभ्या राहिलो. घंटा झाली. मुलींचा लोंढा बाहेर आला. मला ओळखता आलं नसतं. मथुताईंनी माझा दंड घट्ट धरला. "ती," त्या म्हणाल्या.

दोन वेण्या, उंच, बारीक. मैत्रिणीशी बोलत येत होती, हात हलवून हलवून, भराभर. मथुताई फक्त तिच्या तोंडाकडे बघत होत्या. "बोलते गो," त्या पुटपुटल्या. "बोलते."

बघता बघता त्या सावलीतून पुढे गेल्या. मी थांबवायला हात केला तोवर त्या रस्त्याच्या कडेला पोचल्या होत्या. मुलगी जवळून जाणार तेवढ्यात समोरून ट्रेलर हॉर्न देत आला. मथुताई दचकल्या, काठी घसरली. मुलगी धावली. तिनं त्यांना धरून मागं ओढलं, काठी उचलून दिली.

"आजी, कुठं जायचंय तुम्हाला?"

मथुताई तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सांगतील. मला वाटलं, आता ओळख पटेल, आता काहीतरी होईल.

"वडखळची गाडी कुठं लागते, बाय?" त्यांनी विचारलं.

"पलीकडं. थांबा, मी नेते. इथं कोणी थांबत नाय तुमच्यासाठी." तिनं दप्तर पाठीवर सरकवलं, मथुताईंचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि दुसरा हात वर करून गाड्यांना थांबवत, त्यांच्या पावलांनी, सावकाश रस्ता ओलांडला. पलीकडे त्यांना झाडाखालच्या दगडावर बसवलं. "आजी, गाडी आली का हात दाखवा. नायतर पुढं नेतात." मैत्रीण हाका मारत होती. ती पळत परत आली आणि माझ्या बाजूनं निघून गेली.

मी रस्ता ओलांडून मथुताईंशेजारी जाऊन बसले. गाडी आली तशी मी हात दाखवला. वडखळला आम्ही उतरलो. मला पेणची गाडी, त्यांना रोह्याची. त्यांची आधी लागली. मी काठी धरली आणि त्या पायरी चढू लागल्या. डाव्याच हातानं, अवघडून. उजवा हात त्यांनी अंगापासून जरा दूर धरला होता, मेंदीचा ओला हात धरतात तसा.

"आजी, दोन्ही हातांनी दांडी धरा की," कंडक्टर म्हणाला.

त्यांनी धरली नाही. खिडकीशी बसल्या, हात मांडीवर उताणा ठेवला आणि घंटी वाजली.